परदेशची नोकरी : ढोबळ वजन आणि निव्वळ वजन

संघाच्या वार्षिक स्मरणिकेत व्यापाराविषयी, करांविषयी व बाजार समितीच्या अडचणींविषयी लेख येत असतात, आणि ते यावेत हे योग्यच आहे. तथापि गेल्या काही वर्षांत सभासदांच्या घरी ज्या एका प्रश्नाने वडीलधाऱ्यांची झोप उडविली आहे, तो दुकानाच्या गादीवरचा नसून माजघरातला आहे. मुलाला किंवा जावयाला परदेशातून, आपल्या बेळगाव-गोव्याकडे बहुधा आखाती देशांतून, मोठ्या पगाराच्या नोकरीचे पत्र येते. पत्रातील आकड्याला रुपयांच्या भावाने गुणले की साऱ्या घराचे डोळे दिपतात. मग बायकामुलांसह तिकडे जावे की जाऊ नये, याचा खल दिवसचे दिवस चालतो आणि अखेरीस ज्याचा आवाज मोठा त्याचे मत खरे ठरते. या प्रश्नावर चिटणीसांनी चार शब्द लिहावयास सांगितले, म्हणून हे धाडस करीत आहे.

मी घाऊक धान्याचा व्यापारी. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. परदेशात नोकरी केलेली नाही. परंतु चाळीस वर्षे काट्याजवळ बसल्यामुळे वजन करण्याची एक रीत अंगवळणी पडली आहे. पोते काट्यावर चढले की जो आकडा दिसतो ते ढोबळ वजन. त्यातून बारदान वजा करावयाचे, ओलाव्याचा व माती-खड्याचा कडता काढावयाचा, हमाली-तोलाई धरावयाची. मग जे उरते ते निव्वळ. घरात पैसा येतो तो निव्वळ वजनाचा. रविवार पेठेत नोकरीला लागलेल्या पोरालाही पहिल्या महिन्यात हे समजते. पण परदेशच्या पगाराचा सौदा मात्र आपली उच्चशिक्षित मुले ढोबळ वजनावर करून मोकळी होतात, आणि आपण वडील माणसे एकतर त्या आकड्याने भारावतो किंवा विरहाच्या भीतीने आडवे येतो. माझे म्हणणे थोडक्यात असे की, आधी निव्वळ वजन काढावे आणि जाण्याची तारीख ठरविण्यापूर्वी परतण्याची तारीख ठरवावी. जो हे करील त्याने खुशाल जावे.

पूर्वीचे जाणे व आताचे जाणे

परदेशगमन आपल्या समाजाला नवे नाही. वीरचंद राघवजी गांधी १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेस गेले. हालारातील ओसवाल बंधू पूर्व आफ्रिकेत जाऊन वसले, पालनपूरची मंडळी हिऱ्यांच्या व्यापारासाठी अँटवर्पला गेली. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी तर १९१९ साली 'लॉयल्टी' हे जहाज मुंबईहून थेट लंडनला धाडले. त्यामुळे समुद्र ओलांडणे बरे की वाईट, हा वाद उकरून काढण्यात अर्थ नाही.

परंतु ही व्यापारी मंडळी गेली ती आपले भांडवल व आपला धंदा घेऊन. त्यांची दुकाने त्यांची स्वतःची होती. तरीसुद्धा १९७२ साली युगांडातून आशियाई लोकांना नव्वद दिवसांच्या मुदतीवर देश सोडावा लागला, तेव्हा पिढ्यांची कमाई मागे राहिली. आज आपला मुलगा जातो तो पगारदार म्हणून. आखाती देशांत त्याचा राहण्याचा परवाना बहुधा मालकाच्या नोकरीशी बांधलेला असतो आणि बायकामुलांचे परवाने त्याच्या परवान्याशी. एक गाठ सुटली की सगळी मोळी सुटते. पुष्कळ वर्षे राहिल्याने तेथील नागरिकत्व मिळत नाही. अमिरातीने अलीकडे दहा वर्षांच्या मुदतीचा 'गोल्डन व्हिसा' काही लोकांना देण्यास आरंभ केला आहे, पण तोही अखेर मुदतीचाच आहे. म्हणून ही नोकरी कितीही भरघोस असली तरी हंगामी माल समजावी आणि हंगामी मालाचे नियम तिला लावावेत.

मुदत कशी सरकते याचे एक उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. महात्मा गांधी १८८८ साली विलायतेस निघाले, त्यापूर्वी मातोश्रींच्या समाधानासाठी त्यांनी बेचरजी स्वामी या जैन साधूंपुढे मद्य, मांस व परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा घेतली. बॅरिस्टर होणे एवढेच काम होते. ते करून ते १८९१ साली परतले. पुढे १८९३ साली दादा अब्दुल्ला यांच्या पेढीच्या दाव्यासाठी ते दक्षिण आफ्रिकेस गेले. करार एका वर्षाचा, मोबदला एकशे पाच पौंड, शिवाय जाण्यायेण्याचे पहिल्या वर्गाचे भाडे व तेथील खर्च. आजच्या भाषेत बोलावयाचे तर उत्तम 'पॅकेज' होते. त्या एका वर्षाची एकवीस वर्षे झाली. कुटुंबही तिकडे न्यावे लागले. त्यांच्या त्या लांबलेल्या मुक्कामाने जगाचे कल्याण झाले, हे खरे. पण आपल्या घरातील मुलाचा मुक्काम लांबतो तो बहुधा घराचा हप्ता फिटेपर्यंत, मग मुलीची दहावी होईपर्यंत, मग मुलाचे महाविद्यालय संपेपर्यंत. आणि एक दिवस असे ध्यानात येते की परतावयाचे ते घरच इकडे उरलेले नाही.

आपल्या श्रावकाचारात या विषयाला एक जागा आहे. गुणव्रतांमध्ये दिग्व्रत सांगितले आहे. कोणत्या दिशेला कोठवर जावयाचे याची मर्यादा श्रावकाने आधी घालून घ्यावी. देशव्रतात त्या मर्यादेला काळाचेही बंधन येते. इतके दिवस, इतके महिने, याच क्षेत्रात. लोभाला दिशा व मुदत यांचे कुंपण असावे, हा त्यातील भाव. त्यात परदेशगमनाचा निषेध आहे असे मी मानीत नाही. जाण्यापूर्वी मर्यादा ठरवावी एवढा व्यवहाराचा बोध मी त्यातून घेतो.

काट्यावर ठेवून पाहू

आता प्रत्यक्ष वजन करू. उदाहरणादाखल एक पगार धरतो. समजा, दुबईत एका अभियंत्याला दरमहा २०,००० दिरहम मिळणार आहेत. अमिरातीचा दिरहम १९९७ पासून डॉलरशी ३.६७२५ या दराने जखडलेला आहे. २०२५ साली एका दिरहमला तेवीस-चोवीस रुपये पडत होते. हिशेबाच्या सोयीसाठी चोवीस धरू. म्हणजे ढोबळ वजन झाले महिना ४,८०,००० रुपये. पगारावर तेथे प्राप्तिकर नाही. एवढे वाचून पुण्याची नोकरी सोडण्याचे पत्र लिहिणारे तरुण मी पाहिले आहेत.

आता कडता काढू. नवराबायको व दोन मुले अशा चौघांसाठी साध्या वस्तीत दोन खोल्यांचे घर वर्षाला ८४,००० दिरहम, म्हणजे महिना ७,०००. हे भाडे तेथे पुढील तारखांचे धनादेश आगाऊ देऊन चुकते करण्याचा रिवाज आहे. त्यावर अनामत व दलाली वेगळी, म्हणून पहिल्याच महिन्यात हाताशी मोठी रक्कम लागते. दोन मुलांची भारतीय अभ्यासक्रमाची शाळा व शाळेची बस २,५००. वीज, पाणी व थंड हवेचे यंत्र, तसेच भाड्याच्या पाच टक्के असलेला नगरपालिकेचा आकार, मिळून १,२००. किराणा, दूध, भाजीपाला २,३००. गाडी व प्रवास १,५००. दूरध्वनी व इंटरनेट ५००. बायकामुलांचा विमा व परवाने ५००. वर्षातून एकदा चौघांनी घरी येण्याचे विमानभाडे महिन्याला वाटून ५००. बेरीज १६,०००. शिल्लक ४,००० दिरहम, म्हणजे ९६,००० रुपये. वीस पोत्यांतून चार पोती. कोणाचे भाडे मालक देईल, कोणाची शाळा महाग असेल. प्रत्येकाने आपापले आकडे घालावेत, पण रीत हीच ठेवावी.

येथेही हिशेब संपत नाही. याच अभियंत्याला पुण्यात महिना १,४०,००० मिळत होते, पत्नीला ५०,०००, आणि खर्च व कर जाऊन दोघांचे मिळून ६०,००० शिल्लक पडत होते असे समजा. तिकडे पत्नीची नोकरी गेली. म्हणजे खरा फायदा ९६,००० वजा ६०,०००, अर्थात महिना ३६,००० रुपये. वर्षाचे ४,३२,०००. पाच वर्षांचे २१,६०,०००. ही रक्कम लहान नाही. नव्या उमेदीच्या कुटुंबाला ती भक्कम आधार देईल. पण चार लाख ऐंशी हजारांच्या आकड्याने जो थाट मनात उभा राहतो, तो या छत्तीस हजारांत बसत नाही, हे निघण्यापूर्वी कळलेले बरे. इकडचा भविष्यनिर्वाह निधीही थांबतो. त्याबदली तेथे नोकरीच्या शेवटी उपदान मिळते, तेही मूळ वेतनावर. पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाचे एकवीस दिवसांचे, त्यापुढे तीस दिवसांचे. २०,००० पैकी मूळ वेतन १०,००० च असेल तर पाच वर्षांचे उपदान ३५,००० दिरहम होते, आणि मूळ वेतन १४,००० असेल तर ४९,०००. म्हणून पत्रातील एकूण आकड्यापेक्षा मूळ वेतनाचा आकडा आधी विचारावा.

भावफरकाविषयी एक शब्द. २०११ च्या मध्यास डॉलर पंचेचाळीस रुपयांच्या आसपास होता. २०२२ साली त्याने ऐंशी ओलांडली. दिरहम डॉलरशी जखडलेला असल्याने तिकडची शिल्लक रुपयांत आपोआप फुगली. पुष्कळांना वाटते की हे आपले कर्तृत्व. आपण व्यापारी जाणतो की भाव चढल्याने झालेला नफा हा देवाघरचा पाऊस आहे. त्यावर पुढच्या हंगामाचे देणे करू नये. गंमत अशी की आखाती देशांत एकेकाळी आपला रुपयाच चालत असे. रिझर्व्ह बँकेने १९५९ साली त्यांच्यासाठी वेगळ्या नोटाही काढल्या होत्या, आणि १९६६ पर्यंत कुवेत, बहारीन, कतार इत्यादींनी एकामागून एक आपापली चलने सुरू केली. एका माणसाच्या आयुष्यात नाण्याची बाजू कशी पालटते ते यावरून दिसते.

मालकाची मर्जी व राज्याची मर्जी

धान्याच्या सौद्यात आग, पाऊस व बाजारबंदी यांचा विचार केला जातो. या सौद्यातही तो हवा. १९९० साली इराकने कुवेत गिळले तेव्हा सुमारे एक लाख सत्तर हजार भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी परत आणावे लागले. त्यांतील कित्येकांची बचत तेथील बँकांतच अडकली. २०१६ साली तेलाचे भाव पडल्यावर सौदी अरेबियात हजारो भारतीय कामगार पगाराविना खोळंबले. त्याच देशाने जुलै २०१७ पासून परदेशी नोकरदाराच्या प्रत्येक आश्रितावर महिना शंभर रियाल आकार बसविला आणि दरवर्षी शंभराने वाढवून २०२० साली तो चारशेवर नेला. पत्नी व दोन मुले असलेल्यास वर्षाला १४,४०० रियाल! अनेकांनी कुटुंबे परत पाठविली. २०२० साली महामारीत नोकऱ्या गेल्या, आणि ७ मेपासून सरकारला 'वंदे भारत' विमाने सोडावी लागली.

यावर कोणी म्हणेल की, इकडे काय सारे सुरक्षित आहे? नाही. माझ्याही धंद्यात एका सरकारी हुकुमाने तांदळाचा बाजार रात्रीत फिरलेला मी पाहिला आहे. जुलै २०२३ मध्ये बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद झाली ती सप्टेंबर २०२४ पर्यंत. पण इकडे धंदा बसला तरी घर आपले, रेशनकार्ड आपले, भाऊबंद आपले. तिकडे नोकरी बसली की ठरावीक मुदतीत देश सोडावयाचा. अमिरातीने १ जानेवारी २०२३ पासून बेकारीचा विमा सक्तीचा केला आहे आणि त्यातून मूळ वेतनाच्या साठ टक्के रक्कम तीन महिन्यांपर्यंत मिळू शकते. व्यवस्था चांगली, पण शाळेची फी व धनादेश त्याहून लांबचे असतात. माझ्या परिचयातील एका गृहस्थांच्या मुलाला त्याच्या कंपनीने चार महिने पगार दिला नाही. त्याने तिकडे गाडीसाठी कर्ज काढले होते. कर्ज थकल्यास देश सोडण्यास मनाई होऊ शकते, या भीतीने वडिलांनी येथून उसनवार करून ते फेडले. म्हणून सहा महिन्यांचा खर्च गाठीशी असल्याखेरीज कुटुंब नेऊ नये आणि तिकडे कर्ज काढू नये, असे मी आग्रहाने सांगतो.

खतावणीत न चढणाऱ्या रकमा

आता अशा बाबी, ज्या आपल्या खतावणीत कोणाच्याच नावे लिहिल्या जात नाहीत.

पहिली सूनबाईंची. आपल्या घरांतून मुलाच्या परदेशगमनाची चर्चा बैठकीच्या खोलीत होते आणि सूनबाई चहा घेऊन येतात तेवढ्यापुरत्या तेथे असतात. वस्तुतः या व्यवहारात सर्वांत मोठे भांडवल त्यांचे जाते. शिक्षिकेची किंवा बँकेची नोकरी, वर्षांची ज्येष्ठता, हाताखालची माणसे, माहेर, मैत्रिणी, सारे एका सहीत सुटते. तेथे त्यांना काम करण्यास मनाई नाही, पण मिळेलच याची हमी नाही. नवरा सकाळी सातला गेला की चौदाव्या मजल्यावर दोन लहान मुलांबरोबर दिवस काढावयाचा. त्यांचे मत घेतल्याशिवाय ठरलेला बेत हा एका भागीदाराच्या सहीचा करारनामा होय. असा करारनामा आपण दुकानात मानीत नाही, घरात तरी का मानावा?

दुसरी मुलांची. लहान वयाची मुले नव्या मुलखात लवकर रुजतात, आणि निरनिराळ्या देशांच्या मुलांबरोबर वाढण्याने त्यांना शहाणपण येते, हा लाभ मी नाकारीत नाही. पण आपल्या कर्नाटकात राहणाऱ्यांनी एक नियम ध्यानात ठेवावा. येथील व्यावसायिक महाविद्यालयांत राज्याच्या कोट्यातून प्रवेश हवा असेल तर, काही अपवाद सोडल्यास, मुलाने पहिली ते बारावीपैकी किमान सात वर्षे याच राज्यात शिकलेले असावे लागते. चौथीत नेलेला मुलगा दहावीला परत आणला, तर तीन इयत्ता येथल्या होतात व पुढच्या तीन धरून सहाच भरतात. मग परदेशस्थांच्या कोट्याची फी भरताना पाच वर्षांची शिल्लक एका वर्षात जाते. भाषेचेही तसेच. बेळगावचे मूल मराठी, कन्नड, हिंदी व इंग्रजी या चारही भाषांत वावरते. तिकडे शाळेत अरबीची भर पडते आणि मराठी केवळ आईच्या तोंडची उरते. महाराष्ट्र मंडळे तेथे चांगले काम करतात. तरी आजोबांचे पत्र वाचता न येणारा नातू ही तूट कोणत्या रकान्यात लिहावी?

तिसरी आईवडिलांची. दुबईहून गोवा तीन-साडेतीन तासांचा प्रवास आहे, मोपाहून चोरला घाट चढला की बेळगाव. म्हणजे पूर्वी मुंबईहून रात्रीच्या गाडीने येण्याहून अंतर जवळचे, असे मुले म्हणतात, आणि ते खोटे नाही. परंतु रजा मिळणे, तिकीट मिळणे व मुलांच्या परीक्षा नसणे या तिन्ही गोष्टी एकत्र याव्या लागतात. मध्यरात्री छातीत कळ आली तर शेजारचाच मुलगा रिक्षा आणतो. त्या शेजारच्या मुलाचे ऋण आधीच ओळखून ठेवावे.

चौथी आचाराची. सूर्यास्तापूर्वी भोजन, कंदमुळांचा त्याग, पर्युषणातील उपवास व दशलक्षणातील नियम हे ज्यांच्या घरी पाळले जातात, त्यांना सायंकाळी सहापर्यंतच्या कचेरीत अडचण पडते. पण ती अडचण पुण्यातही पडतेच. मनाशी ठरवून गेलेली मंडळी तिकडेही डबा नेतात आणि नियम सांभाळतात. म्हणून या बाबीचा बाऊ मी करीत नाही.

आडवे येणाऱ्यांना

एवढे वाचून काही ज्येष्ठ सभासदांना समाधान वाटेल की, लेखकाने मुलांना चांगले रोखले. त्यांना माझे नम्र निवेदन आहे की, तसा माझा हेतू नाही. 'दुकान कोण पाहणार?' हा प्रश्न बाप विचारतो तेव्हा त्यात मुलाच्या हिताचा अंश किती व बापाच्या सवयीचा किती, हे त्याने स्वतःस विचारावे. आज पेठेतील एका मध्यम दुकानावर तीन भावांचे संसार निघत नाहीत, हे आपण खाजगीत कबूल करतो. मोठ्या कंपन्या थेट शेतकऱ्याकडून माल उचलतात, गिऱ्हाईक फोनवर किराणा मागविते. अशा वेळी अभियंता झालेल्या मुलास गादीवर बसवून त्याच्याकडून पावत्या फाडून घेणे हा त्याच्या शिक्षणाचा अपव्यय आहे.

उलट, बाहेर राहिलेला मुलगा दुकानाचा डोळा होऊ शकतो. पूर्वी पेढीवाले आपल्या मुलास दोनचार वर्षे मुंबईच्या पेढीवर गुमास्ता म्हणून ठेवीत ते याचसाठी. भारत व अमिरात यांच्यातील आर्थिक भागीदारीचा करार १ मे २०२२ पासून अंमलात आहे. आपल्या भागातला गूळ, मिरची व डाळी यांना तेथे कोणते वेष्टन लागते, कोणती चाचणी लागते, कोणता घाऊक व्यापारी वेळेवर पैसे देतो, हे जो पाहून येईल त्याचे तीन वर्षांचे शिक्षण पगाराहून मोलाचे ठरेल. तसेच लग्नाच्या बाजारात 'मुलगा दुबईस असतो' या वाक्याला आलेला भाव आपण मोठ्यांनीच चढविला आहे. त्याचे खापर मुलांच्या डोक्यावर फोडणे न्याय्य नव्हे.

कागदावर काय असावे

माझ्या धाकट्या बंधूंच्या मुलाला गेल्या दिवाळीनंतर असेच पत्र आले. बंधूंची प्रकृती नाजूक, सूनबाई पुण्यात शिक्षिका, नात दुसरीत. घरात दोन तट पडले आणि बोलणे खुंटले. शेवटी सर्वांना, सूनबाईंसह, एकत्र बसवून आम्ही एक कागद लिहिला. तो कायद्याचा नाही, घरचा आहे. इतरांस उपयोगी पडेल म्हणून त्यातील कलमे देतो.

पहिले : मुदत तीन वर्षांची. ती वाढवावयाची तर पुन्हा याच सर्वांनी एकत्र बसून वाढवावयाची. नुसते राहत जावयाचे नाही.

दुसरे : पहिले सहा महिने मुलाने एकट्याने जावे. तेथील कायद्याप्रमाणे उमेदवारीचा काळ सहा महिन्यांहून अधिक नसतो. तो पार पडेपर्यंत पुण्याचे घर मोडू नये, सूनबाईंनी राजीनामा देऊ नये. बिनपगारी रजा मिळते का ते आधी पाहावे. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा तेथे एप्रिलमध्ये सुरू होतात. मुलीस तेव्हाच न्यावे.

तिसरे : शिल्लक दर महिन्यास इकडे यावी. अनिवासी भारतीयाच्या एनआरई खात्यावरील व्याजास, तो अनिवासी असेपर्यंत, येथे प्राप्तिकर नाही. मात्र एका आर्थिक वर्षात किती दिवस भारतात राहिले यावर हा दर्जा अवलंबून असल्याने आपल्या हिशेबतपासनिसास विचारूनच जाण्याचा महिना ठरवावा. या पैशातून मोठा बंगला बांधून कुलूप लावू नये. अनिवासी असताना शेतजमीन विकत घेता येत नाही, हेही लक्षात ठेवावे. वारशाने येणाऱ्या जमिनीस ही आडकाठी नाही.

चौथे : सूनबाईंच्या सुटलेल्या पगाराइतकी रक्कम दर महिन्यास त्यांच्या स्वतःच्या नावे जमा व्हावी. हे कलम त्यांनी मागितले नव्हते. माझ्या वहिनींनी घालावयास लावले.

पाचवे : बंधूंच्या औषधपाण्याची व रात्रीबेरात्रीची जबाबदारी माझी. पुतण्याने त्यासाठी दर महिन्यास पैसे पाठवू नयेत, दर रविवारी वडिलांशी बोलावे.

दुकानाचा पुढचा वारस कोण, हा प्रश्न आम्ही त्या कागदात घातला नाही. ज्याचे उत्तर बापाने द्यावयाचे ते मुलाच्या गळ्यात बांधू नये, असे सर्वांचे मत पडले.

पुतण्या पुढील महिन्यात जाईल. तो तीन वर्षांनी परतेल की नाही, हे आज मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मुदत लिहिलेली असली म्हणजे ती पाळली जातेच असे नाही, हे उधारीच्या व्यवहारात आपण पुष्कळ भोगले आहे. परंतु मुदत लिहिलेली असली म्हणजे त्या दिवशी तोंड उघडता येते. न लिहिलेल्या मुदतीचे मागणे कोणास व कोणत्या तोंडाने करावयाचे?

जाता जाता संघास एक सूचना करतो. आपल्या सभासदांच्या घरांतील परदेशी जाऊन परतलेल्या मंडळींची एक यादी कार्यालयात असावी आणि वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुमारास जेव्हा बरीच जण सुट्टीवर आलेली असतात तेव्हा, त्यांची एक बैठक बोलवावी. तिला जाऊ इच्छिणारे तरुण, त्यांच्या पत्नी व दोघांचेही आईवडील यांनी यावे. भाडे किती, शाळा कशी, कोणते मालक पगार वेळेवर देतात, परतल्यावर नोकरी मिळावयास किती महिने लागले, हे जो भोगून आला त्याच्या तोंडून ऐकावे. बाजारात माल घेताना आपण पोत्यात नळी खुपसून नमुना हातावर घेतो, दाताखाली दाणा चावून पाहतो. मुलाच्या संसाराचा सौदा करताना तेवढी तसदी घेण्यास हरकत नसावी.